लेक देणार न्हाई

दादा, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. तुम्ही माझे बाप, पण अख्खी टेंभुर्णी तुम्हाला दादा म्हणायची म्हणून मीही दादाच म्हणत आले, आणि आईसुद्धा रागात असली की "सांग तुह्या दादाला" असंच म्हणायची. शाळेतून रिटायर झाले आणि गावी परत आले ती खरं तर निवांत बसायला. आई गेली होती, घर बंद पडलं असतं, आणि दारात तुमच्या पश्मी कुत्र्यांमधली शेवटची एक कुत्री बसून होती. तिला कोणाच्या गळ्यात बांधणार? गल्लीतली पोरं मला अजून विचारतात, "मॅडम, तिला खायला देत न्हाई का तुम्ही?" पोट पाठीला लागलेलं, पाय काठीसारखे, तोंड लांबट, कानावर आणि शेपटीवर तेवढे रेशमासारखे केस. ती अशीच असते, उपाशी नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

तुम्ही ह्या घरात 'जात' हा शब्द काढू दिला नाही. शाळेत कोणी विचारलं तर ताठ मानेनं काय सांगायचं, ते मी पहिलीत जायच्या आधीच तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. पण कुत्रं बघायला येणारा माणूस पहिला प्रश्न जातीचाच विचारायचा. मग तुम्ही स्वतःचा शब्द काढला. "हिचं माहेर पक्कं हाय," म्हणायचात. म्हणजे हिची आई, आजी, पणजी सगळ्या ह्याच घरातल्या, सगळ्या पश्मी. मादीला कुत्री म्हणायचंच नाही, लेक म्हणायचं. आणि नियम एकच. नर कोणीही मागावा, खुशाल न्यावा, लेक मात्र घराबाहेर जायची नाही. बाहेर गेली की लोक तिला कसल्याही कुत्र्याला लावतात आणि दोन पिढ्यांत पश्मीचं वाटोळं होतं, असं तुमचं म्हणणं. अर्धं बरोबर होतं म्हणा. पण मी त्या कुत्र्यांवर लहानपणापासून जळायचे. माझ्या वेळेला एका दुपारी पोहे-चहा झाला आणि मला भोकरदनला देऊन टाकलंत, विचारलं पण नाही. माणसाची लेक देता आली, कुत्रीची नाही!

केदारखेड्याचे चाचा तुम्हाला आठवतात का, असं विचारणं म्हणजे वेडेपणाच. दर बाजाराला बैलांचा साज घेऊन यायचे. दोऱ्या, म्होरक्या, घुंगरमाळा. दुकान आवरलं की आपल्याकडे जेवायला, आणि जेवण झालं की तुम्ही दोघं कुत्री घेऊन शिवारात. पश्मीचा अर्थ मला त्यांनीच सांगितला होता. "पश्म बोले तो बाल, बेटी. ये कान देख, रेशम है रेशम." त्यांच्याकडची मादी साप चावून मेली, त्याच वर्षी आपल्याकडे पिल्लं झाली होती. बाजाराच्या दिवशी हॉटेलात तुम्ही दोघं समोरासमोर बसला होता आणि मी तुमच्या मांडीशी, चहात खारी बुडवून खाते आहे. चाचा म्हणाले, "दादा, अबके एक लेक दे दो मेरे को." हसत हसतच म्हणाले. तुम्ही कप खाली ठेवला. "नर ने. दोन ने. पण तुह्या घरात लेक देणार न्हाई. मेलो तरी देणार न्हाई."

भरल्या हॉटेलात सगळ्यांनी ऐकलं. चाचांनी तुमच्याकडे बघितलं, अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठले. दुपार व्हायच्या आत त्यांनी दुकान आवरलेलं मी पाहिलं. संध्याकाळी आई पाणी भरून आली ती घागर आदळतच. "अहो, गाव काय म्हणून राह्यलं, कानावर आलं का? दादानं मुसलमानाला तोंडावर सांगितलं म्हणे, तुह्या घरात लेक देणार न्हाई. जा, उद्याच जा अन् सांगा त्याला, मी कोणाच्याच घरात देत न्हाई म्हणून." तुम्ही भाकरी मोडत होता, मान पण वर केली नाही. "त्याला माहीत हाय माझ्या मनात काय हाय ते." आई म्हणाली, "अन् न्हाई समजला तर?" "मंग कसला दोस्त," म्हणालात. विषय संपला! ज्या वाक्यानं आपल्या माणसांना पिढ्यान्पिढ्या लोकांच्या दाराबाहेर उभं केलं, तेच वाक्य तुमच्या तोंडून तुमच्या जिवाभावाच्या माणसाला गेलं, आणि तुम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही? की वाटलं होतं? मला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्यानंतर लेकींना लावायला चाचांच्या घरचा नर आपल्याकडे आला नाही. मग घरातलाच नर आणि घरातलीच लेक, बहीण-भाऊ बघायचं नाही, काही नाही. भरभरून होणारी पिल्लं दोन-तीनवर आली. एक बहिरं निघालं, एकाचा जबडा वाकडा. पुढं तुमच्या मागं कुत्र्यांना उलट्या-जुलाबाचा रोग आला तेव्हा सगळ्या एकाच अंगणात होत्या, पंधरवड्यात अंगण रिकामं झालं, वाचली ती हीच एक. गावात चार घरी लेकी दिल्या असत्या तर अजून दोन-चार वाचल्या असत्या, हे आईसुद्धा बोलली होती. तुम्ही म्हणायचात कायद्यानं पश्मी संपवली, सशाची शिकार बंद झाली, पश्मीला काम उरलं नाही. ससे वाचले हे बरंच झालं, पण तुमचंही खोटं नव्हतं. आता शिवारात रानडुकरांसाठी झटका मशीन लावतात, तारेला हात लावला की फेकून देते. राखणीला कुत्रं कोणाला पाहिजे? नवीन जालन्यात बंगल्यावाले बर्फातलं केसाळ कुत्रं आणून त्याला एसीत झोपवतात. अशी सगळीकडून पश्मी संपत आली, पण आपल्या घरातली तुमच्या हट्टानं संपत आली. हे मी तुमच्या फोटोसमोर मोठ्यानं बोलते कधी कधी, शेजारीण दारातून डोकावून जाते.

ह्या हिवाळ्यात कुत्री माजावर आली. वय झालेलं, पुढच्या वेळेला गाभ राहील ह्याचा भरवसा नाही. गावातले सगळे कुत्रे फाटकाशी येऊन बसले. मी तिला ज्वारीच्या खोलीत कोंडली, तर ती दार ओरबाडायची आणि बाहेरचे भुंकायचे, माझ्या डोक्याचा भुगा झाला. त्यात नवीन जालन्याहून एका माणसाचे फोन सुरू झाले. बियाण्याच्या कंपनीत साहेब आहे, हौसेनं शर्यतीचं कुत्रं पाळलंय, विदेशी रक्ताचं. "मॅडम, माझाच नर लावा. पिल्लं अशी उंच होतील ना, तुम्ही बघतच राहाल. शुद्ध-बिद्ध आता कोण विचारतं?" गोड बोलायचा. दिवस हातातून चालले होते. मी हो म्हणायच्या अगदी काठावर होते, खरंच सांगते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना सहज विचारलं, अशी कुत्री अजून कोणाकडे पाहिलीत का, तर ते म्हणाले, "केदारखेड्यात एक म्हातारा नर हाय. मागं मी इंजेक्शन द्यायला गेल्तो." घर कोणतं ते विचारायची गरजच पडली नाही.

रिक्षात कुत्रीला चादरीत गुंडाळून बसले. रिक्षावाला म्हणे, "मॅडम, सीट खराब झाली तर?" म्हटलं, "धुऊन देते बाबा, चल जल्दी." गावाच्या वेशीपर्यंत गल्लीतले कुत्रे मागं धावत आले. वाटेत जालन्याचा फोन. "मॅडम, निघू का गाडी घेऊन?" मी कट केला. परत आला, परत कट केला. तिथं गेल्यावर काय बोलायचं हे मी शंभर वेळा मनात जुळवलं आणि दारात उभी राहिले तर सगळं विसरले.

दार चाचांच्या लेकीनं उघडलं. माझ्याहून थोडी मोठी, चष्मा, डोक्यावर ओढणी. ती माझ्याकडे बघेचना, कुत्रीच्या कानांकडे बघत राहिली. "ये तो टेंभुर्णी का माल है," म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघितलं. "दादा की बेटी?" मी मान हलवली. तिचा चेहरा दगड झाला. "आमच्या घरात लेक देत नव्हते ना तुमचे वडील? मंग आज दारात घेऊन कशी काय आली?" मी म्हटलं, "आपा, ते कोणालाच देत नव्हते. सख्ख्या भावाला दिली न्हाई त्यांनी. तुमच्या घराचं काही नव्हतं त्यात." ती दारातून हलली नाही. "अब्बा मरेपर्यंत एकच गोष्ट बोलायचे. बोले, एक ताट में खाये हम, और कुत्ते की लेक भी नहीं दी मेरे को. ऐसा था तो आके बोले कायकू नै? कितना दूर है टेंभुर्णी?"

दादा, मी तिच्या दारात उभी राहून तुम्हाला गाढव म्हणाले. "कारण माझा बाप गाढव होता आपा! आई पाया पडली तरी न्हाई गेला. मला पण कळत न्हाई का न्हाई गेला!" मी ओरडूनच बोलले असणार, कारण समोरच्या घरातून कोणीतरी बाहेर आलं. कुत्री घाबरून माझ्या पायात शिरली. आपा बघत राहिली माझ्याकडे आणि तिला एकदम हसू फुटलं, तोंडावर ओढणी धरून हसली. "मेरे अब्बा भी कुछ कम नै थे. ते तरी कुठं विचारायला गेले?" डोळे पुसले, दारातून बाजूला झाली. मी आत पाय टाकणार तेवढ्यात हात आडवा केला. "नर आमचा. पिल्लं झाली तर पहिली लेक माझी. बाकी सगळं तू ने." विचार करायच्या आत माझ्या तोंडून "दिली" निघून गेलं.

त्यांचा नर बघून माझं अवसान गळालं. तोंड पांढरं, एका डोळ्यात फूल पडलेलं, उठताना मागचे पाय कापायचे. चाचांनी शेवटच्या वर्षांत लातूरकडून मादी आणली होती, तिच्या वंशातला हा एवढाच उरलेला. त्यानं आपल्या कुत्रीला हुंगलं आणि जाऊन उन्हात आडवा झाला! कुत्री त्याच्यावर गुरगुरली. तो दिवस तसाच गेला. मी तिथंच मुक्काम केला, आपानं डाळ-बट्टी केली, पण दोघींचं लक्ष अंगणाकडे. आज नाही तर उद्या, उद्या नाही तर संपलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होते तर आपा अंगणातून हळूच हाक मारते, "आ जा, आ जा, जल्दी." जमलं होतं. आम्ही दोघी म्हाताऱ्या कुत्र्यांना धरून दुसरीकडे तोंड करून उभ्या, आणि एकमेकींकडे बघायची सोय नाही, बघितलं की हसू. माझा जीव भांड्यात पडला. जालन्याच्या साहेबाला त्याच दिवशी फोन करून सांगितलं, आता येऊ नका.

पुढचे दोन महिने आपाचा रोज फोन. खाल्लं का, फिरवली का, पोट दिसतंय का. पोट फार दिसत नव्हतं, ते मी तिला सांगायचं टाळायचे. दिवस भरले त्या दिवशी कुत्री सकाळपासून कळा देत होती. दुपार झाली तरी काही नाही. मग हिरवट पाणी आलं आणि मी तिला तशीच उचलून दवाखान्यात पळाले. नवा कंपाउंडर विचारतो, "मावशी, कोणत्या जातीची?" मी त्याच्यावर खेकसलेच. "पश्मी हाय ती! आधी डॉक्टरला बोलव." डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. "एकच पिल्लू हाय मॅडम. एकच असल्यानं मोठं झालंय, अडकलंय. सिझर करावं लागेल. पिशवी खराब निघाली तर तीही काढावी लागेल, मंग पुढं पिल्लं न्हाई." दुसरा इलाज विचारला. "वाट बघायची. मंग दोन्ही हातचे जातील."

मी कुत्रीचं डोकं धरून उभी होते. तिचे डोळे अर्धे उघडे, जीभ बाहेर. डॉक्टरांनी पिल्लू काढलं ते चिंधीसारखं लोंबत होतं. कंपाउंडरनं त्याचं नाक साफ केलं, टॉवेलनं घासायला लागला. घासतोय, घासतोय, काही नाही. डॉक्टर इकडे पोटात हात घालून म्हणतात, "पिशवी गेली, काढतो." मी बघते आहे त्या टॉवेलकडे. पोरा, थांबू नको, थांबू नको, एवढंच मी म्हणत होते, मोठ्यानं का मनात ते आठवत नाही. मग उंदरासारखा एक बारीक आवाज आला. "जगलं!" कंपाउंडर म्हणाला, आणि उलटं करून बघून म्हणाला, "मादी हाय मावशी." मी तिथल्या स्टुलावर बसले. आनंद झाला. आणि त्याच आनंदात डोक्यात आलं की हीच पहिली आणि हीच शेवटची, आणि ही माझी नाही.

फोन मीच केला. "क्या हुआ?" आपानं विचारलं. नर झाला म्हणायचं जिभेवर आलं होतं, दादा. कोणाला कळणार होतं? पण म्हटलं, "लेक झाली आपा. एकच. हिची पिशवी काढली, पुढं आता न्हाई." तिनं विचारलं, "माँ कैसी है उसकी?" पिल्लाचं नंतर, आधी आपल्या कुत्रीचं विचारलं तिनं. मला तिथंच रडू फुटलं, कंपाउंडर पाण्याचा ग्लास घेऊन आला. आपा म्हणाली, "रो मत. एकच हाय तर तूच ठेव. मी काय मागू आता? मी नै मागत."

झालं, वचन सुटलं! घरी ठेवायला आता कोणाची आडकाठी नव्हती. ह्या घरात, ह्याच अंगणात, माहेर पक्कं. आणि पुढं? ही मोठी होणार, माजावर येणार, तिला ह्या गावात नर कुठला, की परत जालन्याच्या साहेबाचा फोन? चाचांचे लातूरकडचे लोक आपाच्या ओळखीचे आहेत, तिकडं एक जवान नर आहे असं ती म्हणत होती. हिशेब सरळ होता. तरी तिला द्यायची ह्या एका गोष्टीपर्यंत यायला मला पिल्लाचे डोळे उघडून दात येईपर्यंत वेळ लागला. रोज ती माझ्या पदरात झोपायची आणि रोज मी म्हणायचे, उद्या फोन करीन. तुमचा इतका राग केला आयुष्यभर, आणि त्या दिवसांत तुम्ही तसे का होता ते मला बिलकुल नीट कळून राह्यलं होतं. ते कळलं म्हणून राग गेला असं समजू नका.

काल आपा रिक्षा करून आली. पिल्लासाठी लाल कपड्याचा तुकडा आणला होता, शिवून. मी तिला जेवू घातलं. पिल्लू तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "आपा, आमच्या घरातली लेक तुमच्या घरात देऊन राह्यले. मागितली न्हाई तुम्ही, मी देऊन राह्यले." ती माझा हात धरून बसली. रिक्षा गेली तर कुत्री फाटकाशी जाऊन उभी राहिली, टाके सुकलेत तिचे पण चाल अजून पूर्वीची नाही. बराच वेळ तिथून हलली नाही. मीही नाही हलले.

आज सकाळी आपाचा फोन आला. रात्रभर पिल्लू रडलं म्हणे, आता दूध प्यायलं, चप्पल चावून राह्यलं. मग विचारते, "इसको क्या बोल के बुलाते थे तुम लोग? नाव तर सांगितलंच न्हाई." मी म्हटलं, नाव ठेवलं नव्हतं, तुमच्या पसंतीचं ठेवा. तिला ते चांगुलपणाचं वाटलं, दुवा देत बसली मला. खरं काय ते तुम्हाला सांगते. नाव ठेवलं असतं, तर मी तिला दिली नसती.